आईचं अनवाणी नवरात्र

नगर, १५ सप्टेंबर २०२५

ती. आईस, रश्मीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. यंदा नवरात्रात अनवाणी राहू नकोस. दवाखान्यात मी शुगरच्या पेशंटांना रोज शिकवते, तळवे बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, चप्पल सोडू नका. आणि माझीच आई काट्यांतून चालणार. तुझेही तळवे शुगरनं बधिर झालेत. शुगरपायी मामांचा पाय कापला तेव्हा तूच माझ्या गळ्यात पडून रडलीस ना? मला फार भीती वाटते गं.

माया आहेच, जरा ऐकणंही असू दे.

तुझी रश्मी

ढवळवाडी, ता. पारनेर, २७ सप्टेंबर

चि. रश्मीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आन पिठाच्या डब्याखाली सारलं. पंचवीस वर्सं अनवाणी ऱ्हाते, देवीपुढं तुझं शानपन कशाला, असं वाटलं. काल शेजारची केशरबाई आरतीला आली आन इचारू लागली, वसरीवर रगताचे ठसे कुनाचे. ठसे माझेच हुते. टाचंत बाभळीचा काटा मोडलेला, आन मला पत्ता न्हाई. लई भ्याले.

केशरबाई म्हनाली, बिब्बा तापवून लाव. बिब्बा इस्तवावर ठेवलाबी. तेवढ्यात आठवलं, तुझ्या मामानंबी आधी बिब्बाच लावला हुता. तसाच फेकला, पाय धुतला, देवीची माफी मागितली आन चप्पल घालून दवाखाना गाठला. पाय वाचंल का, ते डॉक्टर म्हैन्यानं सांगनार.

रागावू नको, माया असू दे.

तुझी आई

ढवळवाडी, २ नोव्हेंबर

चि. रश्मीस उदंड आशीर्वाद.

टाच भरली. आता दर शुक्रवारी देवळात माझी शाळा भरती. शुगरवाल्या अकरा जनी येत्यात. भुईवर आरसा ठिवून तळवा कसा बघायचा, ते मी दावते. तुझ्यापेक्षा कडक मास्तरीन हाय.

भाऊबीजेला मामा कुबड्यांवर आला. पाटावर बसवला आन ओवाळायच्या आधी त्याचा ऱ्हायलेला पाय मांडीवर घेतला. थोरलीनं धाकट्याच्या पायाला हात लावू नये म्हनून तो पाय वढायला लागला. म्या सोडला न्हाई. बोटांच्या बेचक्यात भेग चिघळलेली, त्याला ठावंच न्हाई. ओवाळलं आन तसाच दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हनले, आठवडा उशीर झाला असता तर हाबी गेला असता. काल पट्टी सुटली, जखम कोरडी हाय.

ओवाळनी ऱ्हायली, काय घालू, असं इचारत हुता. म्हनलं, फुडल्या सालीबी ह्याच पायावर ये.

जेवत जा येळेवर.

तुझी आई