सासूबाई उभ्याने जेवतात

१ जानेवारी

आजपासून बाहेरचं जेवण बंद. ही म्हणाली, "दरवर्षी म्हणतोस." म्हणतो. पण दरवर्षी सासूबाई राहायला येत नसतात!

तेव्हा यंदाचे बेत असे. दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच, आणि तो मी करणार – हिची शाळा संध्याकाळपर्यंत असते, माझं चष्म्याचं दुकान घराच्या खालीच आहे आणि दुपारी बंद असतं. फ्रीजरमध्ये बर्फाखाली जे काही दडलंय ते बाहेर काढून त्याची ओळख पटवायची. धाकट्या खोलीतली व्यायामाची सायकल हलवायची, तिच्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसकट. आणि मुख्य म्हणजे तिघांनी टेबलाशी बसून जेवायचं. लहानपणी आमच्या घरी जो तो ताटली घेऊन आपापल्या कोपऱ्यात जायचा आणि तिथूनच भांडायचा. तेव्हापासून मला टेबल हवं होतं. आता टेबल आहे, तर त्यावर इस्त्रीचे कपडे.

आई – म्हणजे सासूबाईच – महिनाभर राहून बघणार. जमलं तर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून कायमच्या इथे. घरमालकाला महिनाअखेर कळवायचंय. एकदा सोडल्या की सोडल्या, त्या खोल्यांवर डोळा ठेवून लोक बसलेच आहेत.

कल्पना नक्की कोणाची, ते मात्र कळत नाही. मी धरून चाललो होतो की हिची. आज सहज विचारलं तर म्हणते, "तुझीच ना?" माझी? खरं सांगायचं तर मला हे नकोच आहे. इथे लिहितो म्हणून लिहितो. जावयाने असं बोलायचं नसतं.

३ जानेवारी

आई आल्या. एक बॅग, एक छत्री. नोकरीभर बसमध्ये तिकीट तपासनीस होत्या. त्यांचा आवाज मागच्या दाराने चढलेल्यालाही खाली उतरवायचा म्हणे! आमच्याकडे आल्यापासून तो कुठे ठेवलाय कोण जाणे. कुजबुजतात. पंखा लावू का, हेही विचारून.

मी भोपळ्याचं सूप केलं होतं. "छान झालंय," म्हणाल्या. अर्धा वाडगा तसाच. "दुसरं काही करू का?" तर म्हणे, "आहे ते चालेल की."

हिच्या माहेरी 'नको' म्हणतच नाहीत. चालेल म्हणतात. लग्नानंतर कितीतरी महिने मी हिला साखर घालून चहा देत होतो, ही गुपचूप पीत होती. बिनसाखरेचा लागतो, हे मला हिच्या मैत्रिणीकडून कळलं.

६ जानेवारी

पालक. "छान." अर्धा उरला.

७ जानेवारी

लसूण घालून बटाटे. "फार छान." पाऊण उरले. 'फार' लागलं की जास्त उरतं, असं दिसतंय.

९ जानेवारी

समोरचा बेकरीवाला चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला दुकानात आला. म्हणाला, "तुमच्या सासूबाईंचं खाणं झकास आहे हां. रोज सकाळी येतात, गरम पाव आणि अंडं घेतात, तिथेच काउंटरपाशी उभ्या राहून फस्त करतात. वर मिरपूड मागून घेतात."

मी हसलो. काय करणार? माझ्या हातचं गिळवत नाही आणि याच्याकडे मिरपूड मागून घेतात! दिवसभर ते डोक्यातून जाईना. एका बाईंना दूरचा नंबर होता, त्यांना मी जवळचं वाचायला लावलं.

१२ जानेवारी

दुपारी अंडी केली. पाव शेकला. मिरपूड पुढ्यात ठेवली, अगदी सहज ठेवल्यासारखी. आई खुर्चीच्या टोकावर बसल्या, एक अंडं खाल्लं, दुसरं ताटात इकडून तिकडे ढकललं. "छान झालंय हो."

म्हणजे अंडंही नाही. मग काय? संध्याकाळी हिला विचारलं, "तुझ्या आईला आवडतं तरी काय?" ही वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या हातचं सगळं." कपाळाला हात लावला.

१५ जानेवारी

आज दुकान लवकर बंद करून वर आलो. स्वयंपाकघरात आवाज. बघतो तर आई शेगडीपाशी उभ्या, हातात पळी, आणि पातेल्यातलं सूप थेट पळीने पितायत! तेच भोपळ्याचं. सकाळी मीच केलेलं. तळ खरवडून पितायत.

मला बघून पळी खाली ठेवली. चोरी पकडल्यासारखा चेहरा. तिकीट तपासनिसाचा असा चेहरा मी प्रथमच बघितला.

मी म्हटलं, "आई, हे तर तेच सूप आहे."

"हो, चांगलंय की."

"मग टेबलावर का उरतं?"

पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "बसून जेवायची सवयच नाही हो मला. डेपोत दोन बसच्या मध्ये जेवायचं. उभ्याने, गरम गरम, पटकन. खोलीवरही तसंच. खुर्चीत बसवून समोर कोणी बघत राहिलं ना, की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. घास खाली उतरत नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही एवढं टेबल मांडलेलं."

मी दुसरी पळी घेतली. दोघांनी मिळून पातेलं संपवलं. सुपात मीठ कमी होतं. हे त्यांनी मला सांगितलं, आणि मोठ्या आवाजात सांगितलं.

१८ जानेवारी

दुपारचं जेवण आता ओट्यापाशी. मी चिरतो, त्या परततात, तव्यावरूनच खातो. डेपोतल्या गोष्टी सांगतात. एक माणूस तिकीट चुकवायला रोज झोपेचं सोंग घ्यायचा. एक दिवस आईंनी त्याला उठवलंच नाही, थेट शेवटच्या थांब्यापर्यंत नेला. मी इतका हसलो की कांदा खाली सांडला.

लहानपणी आमच्या घरी जेवताना कोणी हसलेलं मला आठवत नाही. मजा येतेय. हे लिहितानाही नवल वाटतं.

२० जानेवारी

संध्याकाळी ही आली तर आम्ही दोघं उभ्याने खातोय. "ये, ये," म्हटलं. ही म्हणाली, "तुमचं चालू द्या," आणि ताट वाढून घेऊन टेबलाशी एकटीच बसली. मी विचारलं, "काय झालं?" "काही नाही."

या घरात 'काही नाही' म्हणजे काय, त्याचा अजून अभ्यास झालेला नाही.

२३ जानेवारी

आई म्हणाल्या, "घरमालकाला कळवायला हवं, नाही का? सोडते म्हणून." मी विचारलं, "नक्की ना?" "चालेल की." हिला विचारलं. ही म्हणाली, "तुला चालणार असेल तर मला चालेल." मग मीच फोन लावला. त्या म्हाताऱ्या माणसाशी त्यांनी कशाला बोलत बसायचं? तो म्हणाला, बरं झालं लवकर सांगितलंत.

फोन ठेवला आणि लक्षात आलं, मला आनंद झालाय. महिन्याच्या सुरुवातीला नको होत्या, आता हव्या आहेत. माझं मलाच कळेना.

२५ जानेवारी

ही शाळेतून उशिरा येते. म्हणते, काम आहे. परीक्षा तर अजून लांब आहेत.

२७ जानेवारी

आज शाळेपाशी गेलो. फाटकात भेटली. पर्स खांद्याला, पण निघायची काही घाई नाही. बाहेरच्या बाकावर बसलो. म्हटलं, "काय आहे ते सांग. चालेल सोडून काहीही."

आधी ताकास तूर लागू देईना. मग एकदम म्हणाली, "मला आई घरात नकोय."

मी तिची पर्स उचलून माझ्या मांडीवर घेतली.

"वाईट आहे ना मी? ती काही करत नाही रे. पण ती आली की मी परत सातवीतली होते. कपाट उघडताना मागे वळून बघते. तिने आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली, मला वाटतं माझंही तपासतेय. आणि तू तर तिच्याबरोबर खुशीत! मला वाटलं, तुला घरात मोठं माणूस हवंय. तुझ्यासाठी म्हणून मी..."

माझ्यासाठी! मी हिच्यासाठी म्हणून चालेल म्हणत होतो. रडू की हसू, कळेना. दोघंही तिथे बसून राहिलो. फाटकाच्या माणसाला कुलूप लावायचं होतं, तो खाकरला, तेव्हा उठलो.

२८ जानेवारी

आता आईंना कसं सांगायचं? दुपारी ओट्यापाशी त्यांना विचारलं, "आई, एक विचारतो. तुम्हाला इथे राहायचंय का?"

"तुमची इच्छा आहे ना?"

"माझी आहे. तुमची?"

त्यांनी शेगडी बंद केली. "लेकीला हवी आहे मी, असं वाटलं. एकटीच तर आहे ती मला. तिला नाही कसं म्हणायचं?" मग म्हणाल्या, "नाही हो. मला नाही राहायचं. तुम्ही लाख चांगले आहात. पण मी सगळी नोकरी गर्दीत उभी राहून काढली. संध्याकाळी स्वतःच्या दाराला आतून कडी लावली की मगच मला घरी आल्यासारखं वाटतं. इथे ती कडी माझी नाही."

म्हणजे दोघींनाही नको होतं. हवं होतं ते एकट्या मला, आणि तेही उशिरा. जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

तेवढ्यात आठवलं – फोन मीच केलाय.

२९ जानेवारी

घरमालकाला फोन केला. खोल्या दिल्या. एक नवरा-बायको आहेत, आगाऊ भाडंही देऊन गेले. "तुम्हीच तर सांगितलंत," म्हणाला. बरोबर आहे. मीच सांगितलं.

३० जानेवारी

दोघींना समोर बसवून सांगितलं. म्हणजे ही बसली, आई उभ्या. आधी मी माझं सांगितलं, मग हिने हिचं सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं सांगितलं. मला धडकी भरली होती की आता आई कोसळणार.

आई म्हणाल्या, "मग कपाट उघडताना मागे बघतेस कशाला? मी कपाटाकडे बघतच नाही. मला लांबचं दिसत नाही." आणि माझ्याकडे वळून, "घरात चष्मेवाला असून!"

ही हसता हसता रडली. आईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्यांचं असंच आहे.

पण जायचं कुठे, हा प्रश्न राहिलाच. मी म्हटलं, "दुसरी खोली मिळेल, तोवर इथे." दोघी एकदम म्हणाल्या, "तोवर." कोणीच चालेल म्हटलं नाही.

२ फेब्रुवारी

आईंनी स्वतःच शोधली. दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर एक खोली. मी बघून आलो. ओटा छोटा आहे, एकच माणूस उभं राहील एवढा. दाराला कडी मजबूत आहे. आई ती सारखी लावून बघत होत्या.

मी तोंडभरून कौतुक केलं. परतताना मात्र आमच्या दारापर्यंत पावलं मोजत आलो.

३ फेब्रुवारी

घरात एकदम मोकळं झालंय. ही कपाटाची दारं धाडकन उघडते. सकाळी आईंना म्हणाली, "मला लवकर उठवू नकोस." आई म्हणाल्या, "तू पाव जाळतेस." दोघी दिवसभर एकमेकींची अशी उणीदुणी काढतायत आणि दोघींची तब्येत सुधारलेली दिसतेय. हे आमचंच घर, असं मी ओळखलंच नसतं. मी दुपारी दोनदा जेवलो. कशाने, ते ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी

गाडी दारात आली. मी बॅग उचलली. तेवढ्यात ही मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, नको जाऊस."

आईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "हे खरं, की आपलं म्हणायचं म्हणून?"

"खरं."

"मग मीही खरं सांगते. मला जायचंय गं."

आणि गेल्या. ही पायरीवर बसून हमसून हमसून रडतेय, मी शेजारी बसलोय. आणि मी समजत होतो, त्या फक्त मलाच हव्या आहेत.