उतरत्या भरतीचे आठ दिवस

३ नोव्हेंबर

दुसऱ्या तासाला सातवीत बर्फाचा प्रयोग — आणि बर्फ आपला ढिम्म! काचेची दोन भांडी. एकात बर्फ पाण्यावर तरंगत, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढलेल्या दगडावर. दोन्हींत पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण. बर्फ वितळला की कुठलं पाणी चढतं ते बघायचं. मुलांनी फुंकरा मारल्या, वह्यांनी वारा घातला. पस्तीस मिनिटांत निम्माही वितळला नाही.

घंटा झाली तर अर्ध्या वर्गाने निष्कर्ष लिहूनही टाकलेला — पुस्तकातला! मी भडकले. "पाहिलं तेवढंच लिहायचं. न पाहिलेलं लिहिणं म्हणजे चोरी!"

चोरी हा शब्द जरा जास्तच झाला. दिवसभर तोंडात कडू चव होती.

४ नोव्हेंबर

तरंगत्या बर्फाचं पाणी खुणेवरच. दगडाच्या भांड्यातलं बोटभर वर. वर्ग खूश. तिसऱ्या बाकावरची एक आहे, वाद घातल्याशिवाय तिला अन्न पचत नाही. मुलं तिला वकील म्हणतात. ती उठली.

"बाई, तरंगणारा बर्फ आधीच पाण्यात जागा अडवून बसलेला असतो. दगडावरचा मात्र नवीन भर घालतो. असंच ना?"

असंच. जमिनीवर बसलेले बर्फाचे मैलभर जाडीचे थर म्हणजे आपला दगडावरचा बर्फ. मला अगदी भरून आलं. पण ही बसेल तर ना!

"ते भांड्यात झालं, बाई. आपल्या इथला समुद्र चढलाय हे कोणी पाहिलंय?"

"माझ्या बाबांनी," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

५ नोव्हेंबर

माळ्यावरून बाबांच्या वह्या काढल्या. एकतीस! बंदराच्या धक्क्यावर आकडे रंगवलेली उंच पट्टी होती. रोज भरतीच्या वेळी पायऱ्या उतरून तिच्यावरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा — हीच बाबांची नोकरी. कचेरी वह्या रद्दीत घालणार होती, म्हणून ते घरी घेऊन आले. एक दिवसाचा खाडा नाही. हे वाक्य मी जन्मापासून ऐकतेय.

वर्ग आकडे उतरवून घेणार, दर वर्षाची सरासरी काढणार, २२ तारखेच्या विज्ञान प्रदर्शनात तक्ता लावणार, असं सांगितलं तर बाबा दाढीच करायला बसले. प्रदर्शन सतरा दिवसांवर!

१० नोव्हेंबर

एकतीस ठिपके, एक रेघ, आणि रेघ चढती! फार नाही. पण चढती. सगळं काही बर्फामुळे नाही, पाणी तापलं की फुगतंसुद्धा, हेही सांगितलं. मुलं बोटांनी रेघ चाचपत होती. मुख्याध्यापक म्हणाले, "वडिलांना पहिल्या रांगेत बसवू. नाही, व्यासपीठावरच बसवू."

मला का आनंद होत नाहीये?

१२ नोव्हेंबर

वकिलीणबाईंनी पकडलं. मधल्या सुट्टीत तेरावी वही घेऊन आली. "बाई, हे सलग आठ आकडे आदल्या वर्षीच्या त्याच तारखांचे आहेत. जसेच्या तसे. आणि मध्ये पौर्णिमा आहे. पौर्णिमेला उधाण हवं ना? इथे भरती रोज उतरतच चाललीय!"

मी म्हटलं, "उतरवताना चूक झाली असेल तुमची."

"ही मूळ वहीच आहे, बाई."

"मग बघू नंतर."

बघू नंतर! मी बाई!

१३ नोव्हेंबर

इथे तरी खरं लिही.

ते आकडे माझे आहेत. मी बारा वर्षांची. आई मावशीच्या बाळंतपणाला गेलेली, बाबा तापाने फणफणलेले. म्हणाले, "पोरी, खाडा पडता कामा नये. पट्टी वाचून ये." पहिल्या दिवशी गेले. शेवाळावरून पाय घसरला, गुडघा फुटला, खाली काळं पाणी. मी पट्टीला मिठी मारून किती वेळ उभी होते कोण जाणे. आकडा खरा आणला. दुसऱ्या दिवसापासून वखारीमागे अर्धा तास बसून परत यायची आणि आदल्या वर्षीच्या वहीतला त्याच तारखेचा आकडा सांगायची. बाबा अंथरुणातूनच वहीत लिहायचे. रोज म्हणायचे, "शाब्बास."

तारीख तीच म्हणजे समुद्र तोच, असं वाटलं. भरती तारखेने नाही, चंद्राने चालते. भरती मोजणाऱ्याची मुलगी मी!

१५ नोव्हेंबर

काहीच नको वाटतं. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कपाट आवरावंसं. तीन कपाटं आवरून झाली. बाबांनी कोटाची बटणं तीनदा तपासून घेतली. "व्यासपीठावर पाणी ठेवतात ना गं?"

१६ नोव्हेंबर

रविवार. बाबांना सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर

वकील तक्त्याखाली लावायला टीप लिहून घेऊन आली, लाल शाईत: 'हे आठ दिवस खोटे. नोंद करणाऱ्याने आकडे चोरले आहेत.' चोरले! माझाच शब्द, मला परत. आणि नोंद करणारा म्हणजे बाबा. त्यांचं नाव तक्त्यावर ठळक आहे. गप्प बसले तर ऐंशीव्या वर्षी माझा बाप चोर ठरतो.

१८ नोव्हेंबर

सांगितलं. सगळ्या वर्गासमोर, फळ्याला पाठ टेकून. शेवाळ, वखार, शाब्बास — सगळं.

वकील उठली. "बाई, तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?"

"बाराची."

"म्हणजे आमच्याएवढ्या." तिने टीप खोडून नवी लिहायला घेतली. थोड्या वेळाने, "पाय घसरला होता तेही लिहू का?"

मी मान वळवून फळा पुसायला लागले. कोराच होता.

आठ दिवस रिकामे सोडले. पुन्हा सरासरी काढली. रेघ केसभरही हलली नाही! मुलांनी बाकं बडवली. अकरा हजारांतले आठ, त्याने काय व्हायचंय? इतकी वर्षं मी उगाच आतल्या आत कुढत होते, असं वाटून हसूच आलं.

२० नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. प्रदर्शनात नवी टीप वाचून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. खुर्चीत बसले होते, कोट मांडीवर. पुरतं ऐकून घेतलं. रागावले नाहीत.

"चहा गार झाला," म्हणाले.

दुसरा करून दिला. तोही गार झाला. अहो, ओरडा तरी!

२१ नोव्हेंबर

सकाळी हाक मारली. "पौर्णिमेला उतरती भरती. मला तेव्हाच कळलं नसेल होय?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"कोणत्या तोंडाने?" मग शाळेतून परत आणलेल्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. "तुझे आठच ना?"

लाल पेन्सिल मागितली. पहिली वही उघडून स्वतःच्याच आकड्यांवर खुणा करायला बसले. आता दुपार झालीय. अकरावी वही चालू आहे. तिसऱ्यांदा पेन्सिलीला टोक करून दिलं.