ओटीच्या खणांच्या पिशव्या

मंगळवार, संध्याकाळ

आधी आल्या त्या नानाखेड्याच्या विहीणबाई, म्हणजे आमच्या सुनेच्या आई, आणि मागून त्यांच्या धाकट्या जाऊबाई. न कळवता. माझी कंबर मशीनवर बसून बसून पार गेलेली. नातीचं फर्मान आहे ना, घरात प्लास्टिकची पन्नी आणायची नाही, म्हणून आठ दिवस सब्जीच्या पिशव्याच शिवतेय. त्यापायी ओटीत आलेले सगळे खण कापले. नाही तरी त्यांचे ब्लाऊज कोण शिवतं? या घरातून त्या घरात फिरत राहतात नुसते.

पाहुण्या निघताना सुनेनं ओटीचं तबक आणलं, तर खण एकही नाही. सून माझ्याकडे बघते, मी तबकाकडे. तिच्या माहेरच्या माणसांची ओटी खणावाचून भरायची, किती लागलं असतं तिला. मग मी पिशव्याच ठेवल्या ओटीत, नारळ आत घालून.

विहीणबाईंनी पिशवी उलटसुलट करून पाहिली. कोपऱ्यात हळदीचा डाग. "अहो, हा तर मीच दिलेला खण, दिवाळीत."

मेलेच मी. वाटलं, आता सुनेला ऐकावं लागणार. पण जाऊबाई पुढे वाकल्या. "आणि ताई, तुम्हाला तो मी दिलेला, त्याच्या आधीच्या संक्रांतीला. डाग माझ्या घरचा आहे."

चौघीही हसलो, सून सगळ्यांत जास्त.

फार थकले आज. तरी तो डाग आठवून हसू येतंय. किती घरं फिरला बिचारा.

गुरुवारी परत येतो म्हणाल्या दोघी, आपापली खणांची बोचकी घेऊन. कंबरेला अजून सांगितलेलं नाही.