मुरुडच्या बाजारातलं कपाळ

साहेब,

परवा नायगावचे गुरुजी मारहाणीच्या खटल्यातून सुटले आणि पेढे घेऊन माझ्या नांदेडच्या ऑफिसात आले. तुमच्या वाट्याचा पेढाही मीच खाल्ला. गुरुजी शाळेत खेळ शिकवतात, तरुणपणी तालमीत होते. मेव्हण्याच्या दुकानात शब्दाला शब्द लागला आणि मेव्हण्याचा हात मोडला. हाड मोडलं की गंभीर दुखापत. तुमच्या तोंडपाठ कलमांचे आकडे तुम्ही गेल्यावर सगळे बदललेत, हाडं मात्र तीच आहेत. शिक्षा झाली असती तर नोकरी गेली असती. पहिल्याच दिवशी मी वाटा सांगितल्या: तडजोड, जी मेव्हण्याला नको होती; तिथं नव्हतोच म्हणणं; किंवा मारलं, पण स्वतःला वाचवायला, असं सांगणं. गुरुजी डोक्यावरची खेळाची टोपी सारखी करत म्हणाले, "लिहा म्याडम, मी त्या दिवशी भोकरला होतो."

मला तुमचं लातूरचं ऑफिस आठवलं. संस्कृत घेऊन शिकलेली मी, तुमची नवी ज्युनिअर, टेबलाच्या कोपऱ्याशी बसून मारामारीतल्या एकाचा जामीन अर्ज लिहितेय. अशील म्हणतो, मी मुरुडच्या बाजारात होतो, आणि मी लिहिते, 'अर्जदार घटनासमयी घटनास्थळी सर्वथा अनुपस्थित होता.' तुम्ही वाचता, चष्मा वर सारता. "पंडितीणबाई, हा मुरुडला होता तर ह्याचं कपाळ इथं कोणी फोडलं? खोडा ते. आधी मार ह्याला बसला, तेच तर आपल्या कामाचं हाय." मी मान डोलावली आणि खोडलं नाही. वाक्य फार जमलं होतं. कोर्टात न्यायाधीशांनी पट्टी बांधलेल्या कपाळाकडे बघून तोच प्रश्न विचारला. तुम्ही उठलात. "चूक माझी आहे, सर. अर्ज मी नीट वाचला नाही." बाहेर मला चहा पाजलात आणि खिशातली सहा इंची लाकडी फूटपट्टी दिलीत. "आधी जखम मोजायची, मग लिहायचं." एवढंच रागावलात.

तीच फूटपट्टी हातात घेऊन मी गुरुजींना म्हटलं, "टोपी काढा." केसांत टाक्यांची ओळ निघाली, दीड इंच. मेव्हण्यानं आधी लोखंडी खुर्ची घातली होती डोक्यात. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा गुरुजींनी हात पिरगाळला. दवाखान्याचा कागद त्यांनी बायकोपासूनही लपवला होता.

"लई बारका माणूस हाय हो तो," गुरुजी पुटपुटले. "त्यानं मला मारलं, हे कसं सांगू? पोरं हसतील."

"हसू द्या. नोकरी गेली तर हसायला पोरं तरी कुठली?"

मग त्यांना मुरुडची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठं खिशातून कागद निघाला. पुढं डॉक्टरांची साक्ष झाली आणि त्या दीड इंचावर गुरुजी सुटले.

"पण म्याडम," परवा पेढ्याचा पुडा पुढं करत त्यांनी विचारलं, "तो मुरुडचा अर्ज लिहिणारा वकील कोण हो?"

"माझे साहेब," मी म्हटलं.

इतकी वर्षं ही गोष्ट किती अशिलांना सांगितली असेल. सगळ्यांच्या कामी येते, आणि दर वेळी चूक तुमचीच असते. तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी उठलात ते अजून उभेच आहात. हे पत्र खालच्या खणात, तुमच्या फूटपट्टीखाली ठेवतेय. परवा खरं सांगणार होते. गुरुजी हसतील म्हणून राहिलं.