जिन्याकडचा पाया

मी, गेणबा मारुती शेंडगे, वय त्र्याहत्तर, राहणार इंदापूर, धंदा इमारतींचे नकाशे काढणे, हे राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणाचा दबाव नाही. आहे तो माझा मलाच, आणि आता त्याचाही कंटाळा आलाय.

१. राहते घर आणि पोस्टातली ठेव पत्नी फुलाबाई हिला. ‘आता कुणाकडे राहणार’ असे तिला कुणी विचारू नये. डाळजची पेरूची बाग मुलगी सुप्रिया हिला.

२. ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर मुलगा विशाल यास. तो या वस्तूंना भंगार म्हणतो. तरी त्यालाच.

३. सिस्टरांच्या प्राथमिक शाळेबाबत. सन १९९८ मध्ये तिचा नकाशा मी काढला, बांधकामावर देखरेखही माझीच. फादरना पुण्याच्या चर्चसारख्या उंच कमानी हव्या होत्या. मी म्हटले, फादर, पोरं कमानीत बसत नाहीत, सावलीत बसतात. मग लांब व्हरांडा केला. पहिलीची पोरं जमिनीवर बसणार, म्हणून खिडक्या दोन फुटांवर घेतल्या. पुढेमागे वर मजला चढेल, या हिशेबाने पाया पाच फूट, मुरूम लागेपर्यंत धरला. आयुष्यात मनासारखे काम हे एकच झाले.

रविवारी बिशप कोनशिलेला आशीर्वाद द्यायला येणार होते. गुरुवारी शेजारच्या उसाला पाटाचे पाणी सुटले आणि जिन्याकडची, तीन फूटच खोदून झालेली पायाची चारी भरली. फादर म्हणाले, तारीख पुढे ढकलू. माझा ताठा आडवा आला. तीन फुटांवरच्या काळ्या मातीत दगड ओतून मी पाया उचलला आणि कागदावर पाच फूटच ठेवले.

४. ते पाणी सोडणाऱ्या माऊली गलांडे यांच्याशी मी सव्वीस वर्षे बोललो नाही. त्यांची पाण्याची पाळी होती, त्यांनी घेतली. त्यांची माफी मागतो.

५. शाळेच्या वरच्या मजल्याचे काम विशालने घेतले आहे, सोमवारी सुरू होणार. पाया उकरून बघ, असे मी दोनदा सुचवले. तो हसला. “आबा, तुमच्या नकाशावर पाच फूट हाय. तुमच्या सहीवर मी कशाला कुदळ मारू?” खरे तोंडावर सांगायचे धाडस मला झाले नाही. म्हणून खरे इथे लिहिले, माझ्यामागे वाचतील म्हणून.

एवढे लिहून फुलाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मेल्यावर सांगून काय उपेग? तवर पोरं त्याच छताखाली बसायची न्हाईत व्हय?”

सबब कलम तीन आजच लागू. आम्ही दोघे रिक्षाने शाळेत आलो, विशालला बोलावले आणि मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना यांच्यासमोर सगळे वाचले. सिस्टर उठल्या आणि जिन्याकडच्या दोन्ही वर्गांतली पोरं व्हरांड्यात आणून बसवली. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखेही वाटले.

विशालने नकाशा टेबलावर पसरला. पाच खोडून तीन लिहिले. माझ्याकडे न बघता पेन पुढे केले. “आबा, हितं सही करा.”

केली. तीच इथेही करतो.

गेणबा मारुती शेंडगे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. दीपक जाधव, शाळेचे लेखनिक
२. लीलाबाई भोंग, शाळेतील मावशी

स्थळ: शाळेचे ऑफिस, इंदापूर
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५