येऊन राहिली

अकोला, ६ जानेवारी २०२५

ती. मायाताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर बाबांसमोर बोलता येत नाही, म्हणून पत्र. ते झटका येऊन दवाखान्यात होते तेव्हाच आई गेली, तेव्हापासून घरात बोलायला मी एकटाच. बाबांचं बोलणं अजून तुटकच आहे. सारखं "येऊन राहिली" म्हणतात. आईचं नाव माझ्या तोंडून निघत नाही. नुसतं सांगतो, गेली बाबा, कवाचीच गेली. ते ऐकलं की उठायला धडपडतात. काल पलंगावरून पडले. डॉक्टर हात बांधा म्हणतात. मला ते करवत नाही.

तू पाठवलेली कादंबरी वाचून राहिलो. पूर्णविराम नाही, कोण बोलतं त्याचा पत्ता नाही. हे लिहिणाऱ्याला आणि कॉलेजात शिकवणाऱ्या तुला कोपरापासून नमस्कार. यातून मिळतं काय?

थोरल्या बहिणीची माया आटू देऊ नये.
ललित

अमरावती, १३ जानेवारी

चि. ललितास,
सप्रेम जय भीम.

हात बांधू नकोस. परीक्षा आटोपल्या की मी येते.

कादंबरीत 'ती' आली की तू लगेच आपल्या मनाची बाई तिथं बसवतोस, मग पुढचं जुळत नाही. सोपं पुस्तक आपल्याला ठाऊक असलेलंच सांगतं. हे पुस्तक ठाऊक असलेलं बाजूला ठेवायला लावतं, म्हणून राग येतो. मीही चिडून फेकलं होतं. मोठ्यानं वाच. तेच वाक्य परत येईल तेव्हा एखादा नवा शब्द घेऊन येईल. बाबांजवळच बसून वाच, त्यांनाही सोबत होईल.

जेवत जा, आणि माझ्यावर रागावत जा.
तुझी ताई

अकोला, २७ जानेवारी

ती. ताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

'ती' बाई नसून नदी आहे, हे अर्ध्या पुस्तकानंतर कळलं. मुकाट्यानं मागची पानं परत वाचली.

बाबा ऐकत होते. मध्येच म्हणाले, येऊन राहिली. या वेळी मी उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, फाटक. मग म्हणाले, बैलबंडी थांबव.

ताई, त्यांनी बार्शीटाकळीकडच्या रेल्वे फाटकावर उभी हयात काढली, आणि मला आईच दिसत होती. येऊन राहिली ती गाडी. मी मात्र रोज सांगत होतो, गेली. गाडी गेल्यावर फाटक उघडायला ते उठणारच.

आता मी म्हणतो, येऊन राहिली बाबा, फाटक बंद हाय. मग ते पडून राहतात.

पण मग आई गेल्याचं त्यांना अजून कोणीच सांगितलेलं नाही. मला एकट्याला जमणार नाही. तू लवकर ये. या वेळी आईचं नाव घेऊन सांगावं लागेल.

वाट पाहतो.
ललित