वाऱ्याच्या तोंडचं दार

आबा, दारावर कुणी जोरात थाप मारली की मला अजून तुम्हीच दिसता, कडीवर हात ठेवलेले.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही वळसंगच्या आपल्या घराचं मातीचं धाबं उतरवलं आणि पत्रे घातले. पावसाळाभर गळणाऱ्या त्या मातीला तुम्ही पार विटला होतात. "गिरणीवर बी पत्राच हाय की, काय हुतंय त्याला?" असं आईला ऐकवलंत. पत्रे वाशांना पक्के ठोकले, पण वासे भिंतींवर नुसते टेकलेले. इतकी वर्षं ते मातीच्या ओझ्यानं जागचे हलत नव्हते आणि आता ओझंच गेलंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आईनं तर हौसेनं नव्या छपराच्या वाशालाच माझ्या पाठच्या बाळाची झोळी बांधली.

त्या दुपारी अंधारून आलं. वारा सरळ दारावर आदळत होता, पत्रे थडथडत होते. तुम्ही कडी घालून दाराला पाठ लावून उभे. तेवढ्यात शेजारची बाई दार बडवायला लागली. तिचं खोपट उडालं होतं. "दादा, उघडा की वो! लेकरं हायती संगं!" आई ओरडली, "नगा उघडू, वारं आत शिरंल." तुम्ही म्हणालात, "मानसं हायती बाहीर," आणि उघडलंत. ती लेकरांसकट आत कोसळली आणि तिच्यामागून वारा. वरून तो पत्रे ओढत होताच, आता खालूनही रेटायला लागला. अख्खं छप्पर उचललं गेलं आणि झोळीही त्याच्याबरोबर. मी वर बघते आहे आणि तिथं नुसतं आभाळ आहे.

बाळ ओढ्यापलीकडे सापडलं, झोळीतच, गार पडलेलं. आई तुमच्याशी पुन्हा धड बोलली नाही आणि मी तिच्याच बाजूची. तुम्हाला लोकांची लेकरं प्यारी, हे मी मनात धरून बसले. शेवटच्या दुखण्यात तुम्ही पाणी मागितलंत, तेही मी न बोलता दिलं. फार राग होता मला तुमचा.

परवा तसंच वादळ झालं. घरात मी आणि नातू, तो झोळीत, वर पत्राच. दारावर कुणीतरी थापा मारल्या. कोण आहे, हेही मी विचारलं नाही. कडी काढली, वारा तोंडावर आला, तेव्हा कुठं मला झोळी आठवली.

छप्पर राहिलं, आबा. नातू जागासुद्धा झाला नाही. सुनेला मी यातलं काही बोललेले नाही, आणि हा कागदही चुलीत घालीन. तिला काय सांगू, माझाही हात आधी कडीवरच गेला म्हणून?